वनस्पतिशास्त्राचे उद्याचे प्रश्न : लखनौच्या पाच संस्थांकडे पाहताना



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी शाळेच्या गेल्या साठ वर्षांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु आजच्या व्याख्यानाचा विषय पुढच्या साठ वर्षांकडे पाहणारा आहे. वनस्पतिशास्त्राने यापुढे कोणत्या प्रश्नांना अग्रक्रम द्यावा, आणि तो अग्रक्रम कोणत्या कसोटीवर ठरवावा? भारताचा संशोधन व विकासावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यालाही पोचत नाही. तो सुमारे ०.६४ टक्क्यांच्या आसपास घोटाळतो. थोड्या पैशांत बरेच काही साधायचे असेल तर निवड अपरिहार्य ठरते, आणि एका प्रश्नाची निवड म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्रश्नाला दिलेला नकार असतो. तो नकार कोणाच्या वाट्याला आला, हे पुष्कळदा पंचवीस-तीस वर्षांनी कळते.

या विषयाचा विचार करण्यासाठी लखनौइतके सोयीचे शहर भारतात दुसरे क्वचितच सापडेल. नवाबांचे, चिकनकारीचे आणि दशहरी आंब्याचे हे शहर वनस्पतिसंशोधनाचेही मोठे केंद्र आहे. राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था, औषधी व सुगंधी वनस्पतींची 'सीमॅप' ही संस्था, बिरबल सहानी यांच्या नावाची पुराविज्ञान संस्था, भारतीय ऊस संशोधन संस्था आणि रहमानखेड्याची उपोष्ण फलोत्पादन संस्था, अशा पाच राष्ट्रीय संस्था या एका शहरात व त्याच्या परिसरात नांदतात. प्रत्येकीने आपापल्या काळी काही प्रश्न हाती घेतले आणि काही बाजूला ठेवले. त्या निवडींचे परिणाम आज तपासून पाहता येतात, आणि महाराष्ट्राच्या शेतीशी त्यांचा संबंध वरवर वाटतो त्याहून फार जवळचा आहे.

प्रारंभ उसापासून करणे योग्य होईल. भारतीय ऊस संशोधन संस्था लखनौला १९५२ साली सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९१२ साली, कोइमतूरला ऊस पैदास केंद्र स्थापन झाले होते आणि तेथे बार्बर व वेंकटरामन यांनी लागवडीच्या उसाचा संकर 'कांस' या रानगवताशी घडवून आणला होता. नदीकाठी आपोआप माजणाऱ्या, गोडवा जवळजवळ नसलेल्या गवतात कोणाला काय रस असणार? परंतु त्या गवताचा काटकपणा संकरित उसात उतरला आणि त्यातून निघालेल्या 'को' मालिकेतील वाणांनी उत्तर भारताची साखर उभी केली. महाराष्ट्रात 'को ४१९', पुढे पाडेगावचा 'को ७४०' आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून 'को ८६०३२' हे वाण ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना वेगळे सांगायला नकोत.

उत्तर प्रदेशात २००९ नंतर 'को ०२३८' हा वाण आला. कर्नाल येथील प्रादेशिक केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी तो सिद्ध केला. उताराही चांगला, टनेजही चांगले. शेतकरी खूश, कारखाने त्याहून खूश. दहा-बारा वर्षांत राज्यातील उसाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर हा एकच वाण उभा राहिला. मग लाल कूज आली. या रोगात कांडे उभे चिरले तर आतला गाभा लाल झालेला दिसतो, त्यात मधूनमधून पांढरे आडवे पट्टे असतात आणि आंबूस, दारूसारखा वास येतो. ऊस बियाण्यापासून न लावता बेण्यापासून, म्हणजे कांड्यांपासून लावला जातो. त्यामुळे बेणे रोगट असेल तर रोग स्वतःहून पुढच्या वर्षाच्या शेतात जाऊन बसतो. लाखो हेक्टरांवर एकाच जनुकसंचाचा ऊस उभा असताना बुरशीला जणू उघडे रानच मिळाले.

ही गोष्ट नवी मुळीच नव्हती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमध्ये 'को २१३' या तेव्हाच्या लोकप्रिय वाणाची लाल कुजीने अशीच दाणादाण उडवली होती. म्हणजे धडा सत्तर वर्षे जुना होता, पुस्तकात छापलेला होता, आणि तरीही तो गिरवावा लागला. याचे कारण शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवा वाण तयार होण्यास संकरापासून प्रसारणापर्यंत दहा ते पंधरा वर्षे लागतात. उत्तरेच्या हवामानात उसाला नीट तुरा येत नाही, म्हणून संकर कोइमतूरला करायचे, तेथील कापसाच्या म्हातारीसारखे हलके बी उत्तरेच्या केंद्रांना पाठवायचे, हजारो रोपांतून एखादे निवडायचे. जो वाण भरघोस उत्पन्न देत आहे त्याला पर्याय शोधण्याची निकड त्याच्या भरभराटीच्या काळात कोणालाच भासत नाही, आणि निकड भासू लागते तेव्हा ती पंधरा वर्षे हातात उरलेली नसतात. महाराष्ट्रात 'को ८६०३२' वरची भिस्त पाहता हा प्रश्न केवळ उत्तरेचा आहे असे समजून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. संशोधनाच्या अग्रक्रमाची पहिली कसोटी येथे हाती लागते. एखादा प्रश्न आज किती तातडीचा वाटतो यापेक्षा त्याच्या उत्तराला किती वर्षे लागतील, आणि उशिरा सुरुवात केली तर ती वर्षे भरून काढता येतील का, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरे उदाहरण कपाशीचे आहे आणि ते विदर्भ-मराठवाड्याच्या जिव्हारी लागणारे आहे.

लखनौच्या सिकंदरबागेत १८५७ च्या नोव्हेंबरात घनघोर लढाई झाली. नवाब वाजिद अली शाह याने वाढवलेल्या या बागेच्या जागी १९४८ साली प्रा. कैलासनाथ कौल यांनी राष्ट्रीय वनस्पती उद्यान उभारण्यास आरंभ केला. १९५३ मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था असे झाले. या संस्थेच्या संचालकपदी एक मराठी शास्त्रज्ञही होऊन गेले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून लखनौला गेलेले प्रफुल्लचंद्र विष्णु साने हे प्रकाशसंश्लेषणाचे अभ्यासक. हरितलवकातील पटलांच्या कोणत्या भागात कोणती प्रकाशप्रणाली असते, यावरचे त्यांचे तरुणपणीचे काम जगभर वाचले गेले. त्या कामाचा उपयोग काय, असे तेव्हा कोणी विचारले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते. आज भात किंवा सोयाबीन यांच्यासारख्या पिकांचे प्रकाशसंश्लेषण अधिक कार्यक्षम करण्याचे जे आंतरराष्ट्रीय प्रयत्न चालू आहेत, ते अशाच मूलभूत ज्ञानाच्या पायावर उभे आहेत.

याच संस्थेने पांढऱ्या माशीचा प्रश्न हाती घेतला. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक तिच्यात होते आणि त्यामुळे बोंडअळ्या मरत. रस शोषणाऱ्या किडींवर मात्र त्याचा काहीच परिणाम नव्हता. अळ्यांसाठीची फवारणी कमी झाली तसे तुडतुडे, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांनी डोके वर काढले. पांढरी माशी रस तर शोषतेच, शिवाय पाने वळवणारा विषाणूही पसरवते. २०१५ मध्ये पंजाबातील कपाशीची तिने धूळधाण केली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, लखनौच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'टेक्टेरिया मॅक्रोडोन्टा' नावाच्या एका नेच्यातून त्यांनी 'टीएमए-१२' हे प्रथिन वेगळे केले होते. ते पोटात गेलेली पांढरी माशी मरते. त्याचे जनुक कपाशीत घातल्यावर झाडे माशीपासून वाचली आणि माशीने आणलेल्या रोगापासूनही बऱ्याच अंशी वाचली.

बातमीत साहजिकच कपाशी ठळक होती. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. नेचे म्हणजे फुले न येणारी, बी न धरणारी, ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारी वनस्पती. तिला बाजारभाव नाही. नेच्यांवर किडी फारशा पडत नाहीत हे निरीक्षण जुने आहे, परंतु कोणता नेचा कोणता हे ओळखणारे, त्यांचे नमुने वाळवून, नाव लावून जपणारे आणि ते जिवंत वाढवणारे लोक त्या संस्थेत पिढ्यान् पिढ्या नसते, तर जनुक शोधायला कोणी निघाले असते तरी जाणार कोठे? पंजाबच्या २०१५ च्या संकटाचे एक संभाव्य उत्तर अशा संग्रहात होते, जो जमवताना त्या संकटाची कल्पना कोणालाही नव्हती.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही विज्ञानाची आरती होईल. विदर्भात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, ती दोन जनुकांची बीटी कपाशी असताना. अळी प्रतिकारक्षम झाली होती. का झाली, याचे उत्तर जनुकात कमी आणि शेतीच्या रीतीत अधिक आहे. बीटी पिकाभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात म्हणजे प्रतिकारक्षम अळ्यांचा वंश एकवटत नाही, हा नियम कागदावर राहिला. दोन पैसे जास्त मिळतील म्हणून फरदड घेतली गेली आणि अळीला डिसेंबरनंतरही महिनोन् महिने खायला मिळत राहिले. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने फरदड घेऊ नये असे सांगणे सोपे आहे; त्याच्या हातात त्या दोन वेचण्यांऐवजी काय ठेवायचे, याचे संशोधन मात्र फारसे कोणी केले नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, परंतु तेथे बीटी बियाण्याच्या जोडीला वंध्य पतंग सोडणे, कामगंध सापळे आणि काढणीनंतर शेत मोकळे करणे हे सारे एकत्र राबवले गेले होते. आता लखनौच्या संस्थेने गुलाबी बोंडअळीला तोंड देणारी नवी जनुकसंस्कारित कपाशी विकसित केल्याचे जाहीर केले असून पुढील चाचण्यांसाठी नागपूरच्या बियाणे कंपनीचे सहकार्य घेतले आहे. ती यशस्वी होवो. पण जनुक नवे आणि फरदड जुनीच राहिली, तर अळी पुन्हा तोच मार्ग शोधील. म्हणून कीटकशास्त्र, हवामान आणि शेतीचे अर्थकारण यांचा एकत्रित अभ्यास हा जनुकाइतकाच अग्रक्रमाचा विषय मानला जायला हवा. तो प्रयोगशाळेत चमकदार दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

सीमॅपच्या पुदिन्याकडे पाहिले तर प्रश्न शेतकऱ्याच्या दिनदर्शिकेतून कसा उचलावा हे दिसते. लखनौशेजारच्या बाराबंकीत बटाटा किंवा मोहरी निघाल्यावर पावसाळ्यापर्यंत जमीन मोकळी राहत असे. त्या तीन-साडेतीन महिन्यांत बसेल असा मेंथॉल पुदिना शास्त्रज्ञांनी दिला आणि घराघरांत नगदी पैसा आला. मात्र हे उन्हाळी पीक पाण्याचे भुकेले आहे, भूजलावर त्याचा भार पडतो, आणि कारखान्यात बनणारे कृत्रिम मेंथॉल त्याचा भाव केव्हाही पाडू शकते.

लखनौच्या कानपूर रस्त्यावर बंथरा येथे ओसाड, क्षारयुक्त जमिनीवर याच वनस्पती संशोधन संस्थेने १९५० च्या दशकातच काम सुरू केले होते. उत्तरेत तिला 'ऊसर' म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना खारवट-चोपण जमीन म्हटले की चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. तिकडची ऊसर पुष्कळशी निसर्गाने दिलेली; इकडची बरीचशी उसाला पाट भरभरून पाणी दिल्याने झालेली.

आंब्याची कथा धीराची आहे. हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा साका निघतो. चीमा आणि दाणी या अभ्यासकांनी या विकृतीची नोंद १९३४ मध्ये केली. तिच्या कारणांविषयी अनेक तर्क झाले: कॅल्शियमची कमतरता, जमिनीची उष्णता, उतरवणीनंतरचे ऊन. या शतकाच्या पहिल्या दशकात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी दाखवले की फळ झाडावर असतानाच कोयीला अंकुरण्याची घाई होते, बी गरातील द्रव्ये ओढू लागते आणि साक्याचे मूळ तेथे आहे. प्रश्न नोंदला गेल्यापासून उत्तराच्या जवळ पोचेपर्यंत सत्तर वर्षे गेली. मधल्या काळात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेला 'रत्ना' दिला आणि त्यातून पुढे जवळजवळ कोयच नसलेला 'सिंधू'. कारण पूर्ण कळण्याआधी उपाय सापडू शकतो, हेही विज्ञानात घडते. रहमानखेड्याच्या संस्थेनेही 'अंबिका', 'अरुणिका' असे देखणे संकर दिले. तरीही लखनौकरांचे मन दशहरीवर आणि कोकणाचे हापूसवर. या बाबतीत शास्त्राचे फारसे चालत नाही. दशहरी व हापूस दोन्ही कलमांनी वाढतात, म्हणजे उसासारखीच एका जनुकसंचावर सारी मदार. हिवाळ्यातील थंडीचे दिवस कमी-जास्त झाले, अवेळी पाऊस आला की मोहोराचे गणित बिघडते. उष्ण होत चाललेल्या हवामानात मोहोर कसा ठरतो, हा प्रश्न मलिहाबाद आणि देवगड यांचा समाईक आहे. आंब्याचे झाड फळावर यायला वर्षे लागतात, तेव्हा हा अभ्यासही आजच सुरू होणे भाग आहे.

आता सर्वांत निरुपयोगी वाटणाऱ्या संस्थेकडे वळू. १९४६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी लखनौत बिरबल सहानी यांनी पुरावनस्पतिशास्त्राची संस्था काढली. स्वतःचा पैसा, ग्रंथ आणि जीवाश्म त्यांनी तिला दिले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि १० एप्रिलला सहानी गेले. पुढे संस्था सावित्री सहानी यांनी सांभाळली. सहानींच्या आवडीचा एक विषय होता दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेले जीवाश्म. नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे ताडकुळातील फळे आणि पाण्यावरचे नेचे दगड होऊन पडले आहेत. खाडीकाठी वाढणाऱ्या निपा ताडाचे फळ आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावी सापडावे, याचा अर्थ कधीकाळी समुद्र तेथून फार दूर नसावा.

याने पोट भरते का? थेट नाही. परंतु पुरातन परागकण ओळखण्याची जी विद्या अशा अभ्यासातून घडली, तिच्याच आधारे आज सरोवरांच्या गाळातून जुन्या पावसाळ्यांचा इतिहास वाचला जातो. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या गाळाचा असा अभ्यास झाला आहे. गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांत मध्य भारतात शतकानुशतके टिकलेल्या अवर्षणाचे कालखंड येऊन गेल्याचे त्यातून दिसते. धरणे आणि पिके यांचे नियोजन शे-दीडशे वर्षांच्या पर्जन्यनोंदींवर चालते, तेव्हा ही माहिती हाताशी असणे किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको.

जगातही या प्रश्ननिवडीचा प्रयत्न झाला आहे. २०११ मध्ये 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकात वनस्पतिशास्त्रापुढील शंभर महत्त्वाच्या प्रश्नांची यादी आली. दशकभरानंतर ती पुन्हा करण्यात आली. या वेळी सहाशेहून अधिक प्रश्न कोणाकडूनही मागवले गेले आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांतील चार गटांनी त्यांतून निवड केली. हवामानबदल, अन्न, जैवविविधता हे विषय अर्थातच अग्रभागी आहेत. यादी चांगली आहे, पण जगाच्या यादीत फरदड येणार नाही, चोपण जमीन येणार नाही, साका येणार नाही. ती यादी येथेच करावी लागेल. आणि ती करणाऱ्यांच्या बैठकीत अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या, गावरान बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या व्यक्तींना पाहुण्या म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून बसवावे लागेल.

त्या यादीत वर्गीकरणशास्त्राला फार वरचे स्थान मिळावे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी सह्याद्रीतील कंदीलपुष्पांवर आयुष्य वेचले, नव्या जाती शोधल्या आणि दुर्मीळ जाती उद्यानात वाढवल्या. असे काम करणारे तज्ज्ञ निवृत्त होतात तेव्हा त्यांच्या नजरेतले ज्ञान कोणत्याही यंत्रात उतरवून ठेवता येत नाही. ते शिष्यांच्या नजरेत उतरावे लागते, आणि त्यालाही दहा-पंधरा वर्षे लागतात. जनुकाचे वाचन दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. ते जनुक कोणत्या झाडाचे, हे सांगणारा माणूस मात्र महाग होत चालला आहे.

विद्यार्थिमित्रहो, या कामातला एक भाग शाळेच्या आवारातही होऊ शकतो. 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशभरातील शाळा आपल्या परिसरातील एखादे झाड निवडून त्याची दर आठवड्याला नोंद ठेवतात: पालवी, फुले, फळे, आणि प्रत्येकाचे प्रमाण काहीच नाही, थोडे की पुष्कळ. केरळात विषूच्या सणाला, एप्रिलमध्ये, फुलण्याची अपेक्षा असलेला बहावा आता त्याआधीच फुलू लागल्याचे अशा नोंदींतून पुढे आले आहे. महाराष्ट्रातील बहाव्याच्या, आंब्याच्या मोहोराच्या, पळसाच्या अशा सलग नोंदी त्या मानाने थोड्या आहेत. नोंदीला लागते एक झाड, एक वही आणि दर आठवड्याची पाच मिनिटे. दहावी होऊन विद्यार्थी बाहेर पडला की वही आठवीतल्या कोणाकडे तरी सोपवायची आणि झाड तेच ठेवायचे.